श्रावणातले बंद ओटे

श्रावणात मी मासळी बाजारात पाऊल टाकत नाही. म्हणजे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत कधी टाकलं नव्हतं. माहेरी गटारीच्या रविवारी सरंगा, कोळंबी, तिसऱ्या असा सगळा थाट असायचा आणि एकदा श्रावण लागला की आई मासळीचा तवा आणि कढई घासूनपुसून माळ्यावर टाकायची. मग गणपती जाईपर्यंत त्या विषयाचं नाव नाही. लग्न होऊन बोरिवलीला आले, सासरही मालवणाकडचंच, तिथेही तीच रीत. मी काही फार देवभोळी बाई नाही, उपाससुद्धा सोयीने धरते. पण श्रावणात मासे नाहीत म्हणजे नाहीत. त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच कधी डोक्यात आलं नाही.

परवा पहिल्या श्रावणी सोमवारी स्टेशनबाहेर आघाडा-दुर्वांच्या जुड्या आणि केळीची पानं घेऊन बायका बसल्या होत्या. ऊन पडलं होतं आणि अंगावर थेंबही येत होते. मी तेरड्याची फुलं घेतली, बिरड्यासाठी वाल घेतले आणि पाय आपोआप जुन्या बाजाराच्या रस्त्याला वळले. तिथे आता निळे पत्रे ठोकलेत. पत्र्यांवर होणाऱ्या इमारतीचं भलंमोठं चित्र आहे, त्यात काचेची दुकानं आहेत, कुंड्यांतली झाडं आहेत, पिशव्या घेतलेली हसरी माणसं आहेत. आत क्रेन चालू होती. वास मात्र कसलाच नव्हता. इतकी वर्षं नाकाला पदर लावून ज्या वासातून गेलो, तो नाहीसा झाल्यावर मी पत्र्याला नाक लावून तो शोधत उभी राहीन, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या पत्र्यांमागे माझ्या कोळणीचा, चांगुणाचा, मासळी विकायचा दगडी ओटा होता. तिच्या आधी तिच्या सासूचा, त्याआधी सासूच्या सासूचा. नव्या इमारतीत तिला ओटा मिळणार की नाही हे काही कागदांवरून ठरायचं होतं, आणि ते कागद माझ्या हातचे होते. तीन वर्षं झाली. श्रावण आला की लोकांना मंगळागौर आठवते, झोपाळे आठवतात, पुरणाची दिंडं आठवतात. मला तो एक श्रावण आठवतो आणि स्वतःचा राग येतो.

मी अंधेरीला एका संस्थेत काम करते. संस्था काय करते, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. सरकारने काय करावं, आणि मुख्य म्हणजे काय करू नये, ह्याचा अभ्यास करून आम्ही अहवाल लिहितो. खुल्या बाजाराची बाजू घेणारी माणसं आम्ही. परवाने कमी करा, अडवणूक कमी करा, माणसाला त्याचा धंदा त्याच्या अकलेने करू द्या, असं आमदारांना, सचिवांना, वेगवेगळ्या समित्यांना सांगत असतो. ते ऐकतातच असं नाही. पण त्यांना एखादी गोष्ट करायचीच असली की कुणीतरी अभ्यासू माणसाने ती आधी लिहून ठेवलेली बरी पडते, आणि मग आमचे अहवाल शोधले जातात. हे अर्थात मला फार उशिरा कळलं. अहवाल इंग्रजीत होतात, त्यांचं मराठी मी करते. त्याआधी पंधरा वर्षं पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासली, तेव्हा काना-मात्रा सुटू नये एवढीच काय ती जबाबदारी होती.

खुला बाजार म्हटल्यावर कुणी नाक मुरडेल. खुशाल मुरडा. मला ते मनापासून पटत होतं आणि बरंचसं अजूनही पटतं. माझ्या वडिलांनी टेलिफोनसाठी नंबर लावला तेव्हा मी पहिलीत होते, फोन घरी आला तेव्हा कॉलेजात. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घाटकोपरला नाक्यावर उसळ-पावाची गाडी टाकली. महापालिकेचे लोक ती गाडी उचलून न्यायचे. सोडवायला गेलेले वडील परत यायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे. काही न बोलता ते बादलीभर पाण्याने गाडी धूत बसायचे. त्यामुळे आमचे संचालक, ज्यांना आम्ही सगळे नुसते सर म्हणतो, ते पहिल्याच भेटीत जेव्हा म्हणाले की रस्त्यावर बसून विकणारा माणूस ह्या शहरातला सर्वात प्रामाणिक उद्योजक आहे आणि त्यालाच आपण चोरासारखं वागवतो, तेव्हा मला तिथल्या तिथे रडू फुटतंय की काय असं झालं. असा विचार करणारी सुशिक्षित माणसं असतात हेच मला नवीन होतं.

सर माणूस म्हणून चांगलेच आहेत, हे आधीच सांगून टाकते. ह्या सगळ्यात कुणी दुष्ट माणूस सापडेल म्हणून वाट बघाल तर निराशा होईल. मीही शोधला. सापडला असता तर फार बरं झालं असतं.

तर त्या वर्षी उपनगरांतल्या सार्वजनिक बाजारांचा अभ्यास करायचं ठरलं. बाजारांच्या जागी नव्या इमारती बांधायच्या हालचाली चालल्या होत्या आणि त्यावर एक समिती गणपतीनंतर बसणार होती. त्याआधी आपला अहवाल तिच्या हातात पडायला हवा, असं सरांचं म्हणणं. त्यातली मुख्य शिफारस आधीपासून ठरलेली, आणि ती ऐकून मला एवढा आनंद झाला होता की मी घरी येऊन नवऱ्याला सांगितली: ओटे त्या-त्या बायकांच्या नावावर करा. भाडेकरू ठेवू नका, मालक करा. मग त्यांना कुणी उठवू शकणार नाही. मोजणीची कामं वाटली गेली तेव्हा आमच्या बोरिवलीचा मासळी बाजार मी हट्टाने मागून घेतला. माझ्या पायाखालचा बाजार, माझ्या ओळखीच्या बायका, दुसऱ्या कुणाला कशाला पाठवता, असं मीच म्हटलं.

तक्ता श्रेयाने तयार केला होता. श्रेया आमच्याकडची अर्थशास्त्र शिकलेली मुलगी, बंगळुरूची, अतिशय नेटकी. प्रत्येक ओट्याला नंबर, पुढे दोन चौकोन, चालू आणि बंद, आणि शेवटी शेऱ्यासाठी बोटभर जागा. रोज सकाळी आठ ते अकरा, सलग चार आठवडे. मी तिला म्हटलं की अगं, श्रावण आहे, गिऱ्हाईक कमी असतं. तिने लगेच वहीत लिहून घेतलं आणि आपण तळटीप टाकू म्हणाली. माझं समाधान झालं. कमी म्हणजे किती कमी, हे मला तरी कुठे माहीत होतं? मी वर्षाचे बाकीचे महिने बाजारात जाणारी बाई. श्रावणातला मासळी बाजार मी जन्मात पाहिला नव्हता, आणि आपण तो पाहिलेला नाही हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं. संस्थेतले निम्मे लोक मासे खात नव्हते म्हणून त्यांना कळलं नाही. मी खात होते म्हणून मला कळलं नाही.

पहिल्या दिवशी तक्ते छातीशी धरून आत शिरले आणि थबकले. एरवी जिथे कोयत्यांचा खटखटाट, बर्फाचा चिखल आणि ए ताई, ए वहिनी अशी ओढाताण, तिथे ओटे कोरडे ठाक. दगडाचा खरा रंग मी त्या दिवशी पाहिला, करडा, मधे खोलगट झिजलेला. मांजरं ओट्यांवर अंग टाकून झोपली होती. छपराच्या फटीतून श्रावणाचं ऊन तिरकं येत होतं, मधेच काळोखी यायची, पत्र्यावर सर वाजायची आणि परत ऊन. दोन-चार बायका बसलेल्या. एक जवळा निवडत होती, एक अबोलीची वेणी करत होती, समोर मांदेल्यांचे दोन वाटे मांडलेले. सुक्या बोंबलांचा वास आणि ओल्या भिंतींचा वास. मला ते फार सुंदर वाटलं. चुकीच्या ठिकाणी सौंदर्य दिसणं हा माझा जुना रोग आहे.

चांगुणा बसलेली होती, कारण रविवार होता. गोराईची बाई, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. वीस वर्षं मी तिच्याकडूनच मासळी घेत आले. सुरुवातीला भाव करायची, मग नुसती भाव केल्यासारखं करायची आणि ती रागावल्यासारखं करायची, तेवढं झाल्याशिवाय दोघींना सौदा पुरा झाल्यासारखं वाटत नसे. माझ्या मुलीला मासळीचा पहिला बिनकाट्याचा तुकडा तिनेच काढून दिला होता. मला तिथे बघून तिने डोळे वटारले.

"काय गो ताय, सरावनात? बाटलीस की काय?"

मी हसत तक्ता दाखवला, ओटे तुमच्या नावावर व्हावेत म्हणून चाललंय हे सगळं, असं मोठ्या ऐटीत सांगितलं. तिने तक्ता उलटसुलट बघितला आणि मला बसायला पाट दिला. नंतरचे चार आठवडे मी त्या पाटावर बसून चौकोन भरले. त्यांच्या डब्यातलं खाल्लं. डब्यात वरण-भात आणि केनी-कुर्डूची भाजी, कारण श्रावण त्याही पाळत होत्या. गावाकडे गेलेल्या सुनांच्या, बिघडलेल्या बोटींच्या, एका टॉवरमधून वासाबद्दल येणाऱ्या तक्रारींच्या गोष्टी ऐकल्या. इतका निवांत वेळ मला त्याआधी कधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही.

तिथेच मला ती वारांची गोष्ट कळली. श्रावणात सोमवार, गुरुवार, शनिवार कुणीच फिरकत नाही. उरलेल्या वारी मूठभर गिऱ्हाईक येतं, त्यात सगळ्याच बसल्या तर कुणाचीच पाटी खपणार नाही आणि मासळी सगळ्यांचीच फुकट जाणार. म्हणून ह्या बायका श्रावणापुरते वार वाटून घेतात. आज तू बस, उद्या मी. आपला वार नसेल तिने घरी राहायचं, म्हणजे तिचं गिऱ्हाईक आपसूक शेजारणीकडे जातं. चांगुणाच्या शेजारचा ओटा रतनचा. रतनचा नवरा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला, घरची बोट नाही, ती मासळी विकत घेऊन विकणारी. चांगुणाने आपला बुधवार आणि शुक्रवार, म्हणजे त्यातल्या त्यात खाणाऱ्यांचे वार, रतनला देऊन टाकले होते आणि स्वतःकडे फक्त रविवार ठेवला होता. असं किती वर्षं चाललंय, असं मी विचारलं. सासूच्या वेळेपासून, म्हणाली, आणि मी विषय काढल्याचंच तिला नवल वाटलं.

बुधवारी मी पाटावर बसायची. रतनसमोर चालूच्या चौकोनात खूण, चांगुणासमोर बंदच्या. शुक्रवारी तेच. कागद खोटं बोलत नव्हता. चांगुणा खरोखरच नव्हती. शेऱ्याच्या जागेत पहिल्या आठवड्यात मी बारीक अक्षरात लिहिलं की वार रतनला दिला. पुढे पुढे रोज तेच काय लिहायचं म्हणून 'वरीलप्रमाणे' लिहू लागले. नंतर तेही सोडलं.

ऑफिसात मात्र मी ती गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. सर तर हरखूनच गेले. खुर्चीवरून उठून फळ्यापाशी गेले. बघा, म्हणाले, कुठला कायदा नाही, कुठला इन्स्पेक्टर नाही, कुणी सक्ती केली नाही, तरी माणसांनी आपापसात व्यवस्था लावली. आपण आयुष्यभर दुसरं काय सांगतोय? पुढे त्यांनी ती गोष्ट दोन भाषणांत सांगितली. इंग्रजी अहवालात तिला स्वतंत्र चौकट मिळाली, फिकट पिवळ्या रंगाची, त्यात झिजलेल्या ओट्याचा मी काढलेला फोटो. मला कोण अभिमान! मी ते पान मुलीला पाठवलं. त्याच अहवालाच्या शेवटी श्रेयाचे तक्ते होते आणि त्यात चांगुणाच्या ओट्यापुढे रविवार सोडले तर ओळीने बंद, बंद, बंद. चौकटीतली चांगुणा आणि तक्त्यातली चांगुणा एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. शेऱ्याची जागा संगणकावर भरायची सोय नव्हती. तळटीप मात्र श्रेयाने शब्द दिल्याप्रमाणे टाकली होती, ही मोजणी श्रावणातली आहे म्हणून.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला तीन वर्षं लागली. समितीसाठी अहवालाचा मराठी गोषवारा करायचा होता. दोन पानांत. समितीतली माणसं तेवढंच वाचतात, असं सर म्हणाले आणि ते खरंच होतं. मी गोषवारा केला तो अडीच पानांचा झाला. मग काटछाट सुरू केली. मालकीची शिफारस ठेवली, ती तर जीव होती. कुठल्या बाजारात किती ओटे वापरात आहेत ते ठेवलं, कारण आकडे नसले तर अहवालाला कोण विचारतं. चौकट काढली. गोष्ट आहे नुसती, म्हटलं. तरी दोन ओळी तिसऱ्या पानावर जातच होत्या. त्या घालवायला मी तळटीप उडवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. श्रेयाला मराठी वाचता येत नव्हतं, सरांनी माझ्यावर विश्वासाने सही केली. श्रावणात बाजार थंड असतो हे मराठी माणसाला काय सांगायचं, असं माझ्या मनात आलेलं मला लख्ख आठवतं. खिडकीबाहेर ढोलपथकाची तालीम चालली होती आणि मला लवकर घरी जाऊन मोदकांची पिठी दळून आणायची होती.

समितीने आमचा अहवाल स्वीकारला. सरांनी पेढे मागवले. मग सहा-सात महिने काही नाही, आणि एक दिवस बाजारात नोटीस लागली. जुना बाजार पाडून त्या जागी संकुल. मासळीसाठी मागच्या अंगाला थोडे ओटे, नियमित वापरात आढळले तेवढेच. मालकीचा शब्दही नाही. कुणाला ओटा आणि कुणाला नाही ह्याची यादी सोबत होती. त्यासाठी त्यांनी वेगळी मोजणी केलीच नाही. आमची तयार होती. आमची संस्था पारदर्शकतेची मोठी भोक्ती, सगळे तक्ते ओट्याच्या नंबरासकट आम्ही खुले करून ठेवलेले. यादीत रतन होती. चांगुणा नव्हती.

मला हे भेंडी घेताना कळलं. भाजीवालीने सांगितलं, तुझ्या कोळणीचा ओटा गेला गं. मी तशीच मासळीच्या बाजूला गेले. चांगुणा हलवा मासा कापत होती. यादीत नाव नाही म्हणजे काहीतरी चूक झाली असणार, ती दुरुस्त होईल, आणि तू आहेसच की ऑफिसात, असं ती म्हणाली. माझ्या हातात तिने तुकड्यांची पिशवी दिली आणि मी ती घेऊन घरी आले.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आपण मालकी द्या म्हटलं होतं. त्यांनी तेवढंच गाळलं. आपण सुचवतो बाई, ठरवतात ते." हे अगदी खरं होतं. मी म्हटलं, सर, तळटीप मी गाळली. त्यावर ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट पाणी मागवलं. त्यांनी समितीला पत्र लिहिलं, पत्र मिळाल्याचं उत्तर आलं. त्यांनी इंग्रजी पेपरात लेख लिहिला, फार चांगला लेख होता, पुष्कळांनी फोन करून कौतुक केलं. श्रेया माझ्यासमोर रडली आणि म्हणाली की आपण आता बारा महिन्यांची मोजणी करू, नीट, सगळे ऋतू धरून. त्याला मंजुरी, माणसं, दोन वर्षं. मी सरकारी कचेरीत गेले तर तिथले साहेब सभ्यपणे म्हणाले, मॅडम, हा अहवाल तुमच्याच संस्थेचा आहे ना? मी हो म्हटलं. मग आम्ही काय करायचं, म्हणाले.

चांगुणाला शेवटी मी तिच्या घरी जाऊन सांगितलं. तरीतून खाडी ओलांडली, तिच्या दारात सोडे वाळत घातलेले होते, एक बाज होती, तिच्यावर बसले. तक्ते कसे भरले, तळटीप म्हणजे काय, ती मी का काढली, सगळं सांगितलं. सांगताना मला आपण किती मूर्ख आहोत ते नव्याने कळत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. एवढ्याशा ओळीवर असं होतं, असं तिने मला दोनदा विचारलं. चिडली नाही. चिडली असती तर निदान मला रडता आलं असतं. तिची सून आतून म्हणाली की आता ह्यांना कशाला बसवून घेता. चांगुणाने तिला चहा टाकायला सांगितलं.

हरकत नोंदवायला मुदत होती. मी अर्ज लिहून दिला, बुधवार-शुक्रवार तिने दुसरीला दिले होते एवढाच त्यात मजकूर, आणि सुनावणीची तारीख मिळाली. मी दोन पानी निवेदन तयार केलं, कधी नव्हे ते अक्षर न अक्षर तपासून. त्यात वारांची पद्धत, रतनला दिलेले बुधवार-शुक्रवार, श्रावण, सगळं होतं. आता तरी आपल्या मराठीचा उपयोग होईल असं मला वाटत होतं. आदल्या दिवशी मी ते चांगुणाला फोनवर वाचून दाखवलं. तिने हं हं केलं.

सुनावणी दुसऱ्या मजल्यावर होती. बाजारातल्या बऱ्याच जणी आल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत वेण्या माळून, लग्नाला आल्यासारख्या. रतनही आली होती, मागच्या बाकावर. अधिकारी तरुण होते. त्यांनी माझ्याकडून निवेदन घेण्याआधीच चांगुणाला नीट समजावून सांगितलं, आणि चांगलं समजावलं, त्यात खोट काढता येणार नाही. ओट्यांची संख्या नकाशाबरोबर मंजूर झाली आहे, ती वाढत नाही. एक नाव घालायचं तर एक काढावं लागतं. त्या बुधवार-शुक्रवारचा धंदा तुमचा धरायचा असेल, तर तो ज्या बाईने केला तिच्या दिवसांतून वजा करावा लागेल. मग ती यादीत खाली जाईल आणि तिच्या जागी तुम्ही याल. तेव्हा तुमचा वार तुम्ही कुणाला दिला होता, तेवढं सांगा.

हे मला आधी सुचायला हवं होतं. माझ्या दोन पानांत रतनचं नाव चार ठिकाणी होतं. मी मागे वळून पाहिलं. रतन अर्धवट उठली होती, बाकाची पाठ धरून. ती काही बोलणार तेवढ्यात चांगुणाने मागे न बघता हात नुसता खाली दाबल्यासारखा केला. रतन बसली.

"त्या दिवसांत तुम्ही ओट्यावर का नव्हता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मना कंटाला आलता," चांगुणा म्हणाली.

त्यांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं. ती परत तेच म्हणाली, जरा मोठ्याने. चाळीस वर्षं, तापात, पोटुशी असताना, नवरा गेला त्याच्या पंधराव्या दिवशी ओट्यावर बसलेली बाई. मागच्या बाकांवरच्या बायका आपापल्या पदराकडे बघू लागल्या. पंखा चालू होता, कागद फडफडत होते, अधिकाऱ्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला.

ओटा नियमित वापरात नव्हता असं लिहू का, असं त्यांनी विचारलं. लिव्हा, म्हणाली. मग ते माझ्याकडे वळले आणि तुम्हाला काही सांगायचंय का, म्हणाले. मी पर्सवर हात ठेवला. चांगुणा माझ्याकडे बघत नव्हती, समोर भिंतीकडे बघत होती. मला सगळं सांगता आलं असतं. खरं होतं ते. मी खरं बोलले असते आणि रतनचा ओटा गेला असता, आणि गप्प बसले तर चांगुणाचा जात होता, आणि ह्या दोन्हींच्या मधे जागा नव्हती, ती मीच घालवली होती. मी मान हलवली. काही नाही, म्हटलं.

त्यांनी जबाब लिहून काढला आणि वाचून दाखवला. चांगुणाने एकेक अक्षर जोडत सही केली. मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. साक्षीदार म्हणून कुणीतरी हवं, म्हणाले, आणि त्या दिवसांत तुम्ही स्वतः तिथे हजर होतात ना?

होते. मी सही केली.